पट्टा का धूर

काशिनाथअप्पांच्या गिरणीत ज्वारीचा डबा नेऊन ठेवला, की तो लगेच दळायला घेतला जात नसे. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"पट्टा का धूर?"

नवं गिऱ्हाईक गोंधळून अप्पांच्या तोंडाकडे बघत राही. जुन्या बायका डबा टेकवता टेकवताच "धूर, अप्पा, धूर" म्हणून मोकळ्या होत. मग अप्पा खडू घेऊन फळ्याकडे जात. 'आज गिरणी बंद राहील' एवढं एकच वाक्य लिहिण्यासाठी टांगलेला तो फळा. त्याच्या मधोमध आता एक उभी रेघ होती. डावीकडे पट्टा, उजवीकडे धूर. मत पडलं की त्या बाजूला एक बारीक रेघ. मग बोटांचा खडू धोतराला पुसायचा आणि त्यानंतरच डब्याला हात लावायचा. मत न देणाऱ्याचं पीठ जाड येतं, असं आमच्या गल्लीत बोललं जाई. मी दोनदा तटस्थ राहून पाहिलं. ते खरं आहे.

त्या उन्हाळ्यापर्यंत माझा आणि गिरणीचा संबंध नव्हता. दळण हे हिचं खातं. ही गेली त्याला दीड महिना झाला, तेव्हा पिठाचा डबा तळाला लागला आणि मी पहिल्यांदा ज्वारी सायकलीला बांधून गिरणीत गेलो. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस मी. जाड दळायचं की बारीक, हे कोण्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. वाटेत त्याचीच धास्ती घेतली होती. अप्पांनी ते विचारलंच नाही.

"तुमचं बारीक आसतंय सर. बाईंनी सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "तुमी फकस्त येवढं सांगा. पट्टा का धूर?"

"कशाचा पट्टा?"

अप्पांना असा अडाणी माणूस भेटला की आनंद होई. त्यांनी मला पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं.

"पूर्वी आपली गिरणी डिझेल इंजनावर होती. ध्यानात हाय? इंजन हिकडं, जातं तिकडं, मधी पट्टा. गाडीला सुपरचार्जर लावतेत, ते आसंच. इंजनाचा पट्टा एक पंखा फिरवतोय, पंखा इंजनात हवा कोंबतोय. हवा जास्त, ताकद जास्त. पाय दाबला की लगीच. पण पंखा फिरवायची ताकद कुणाची? इंजनाचीच. म्हंजे इंजन सोताला खाऊन सोताला वाढवतंय."

"आणि धूर?"

"धूर म्हंजे टर्बो. सायलेन्सरातून धूर फुकट जाऊलालाय का न्हाई? त्याच्या वाटंत पंखा धरायचा. फुकटात ताकद! पण धूर जमायला दम लागतोय. पाय दाबला तर काय न्हाई, काय न्हाई, काय न्हाई..." अप्पा डोळे मिटून थांबले. मी दचकेपर्यंत थांबले. "आन् मग एकदम पाठीत धक्का!"

मी म्हणालो, "विचार करून उद्या सांगतो."

"सांगा. इरली, घाई न्हाई." अप्पांच्या घरात कानडी चालतं आणि 'इरली' म्हणजे 'असू दे' हे त्यांच्या तोंडात सतत असे. "पण सातवा संपायच्या आत सांगा."

सातवा हा महिना होता आणि तो त्यांच्या मुलीचा होता.

गिरिजा ही अप्पांची एकुलती एक लेक. नांदेडला दिलेली. पहिलंच बाळंतपण, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, यात अप्पांच्या मते चर्चेला जागाच नव्हती. आठव्यात मुलीला हलवत नाहीत. म्हणजे सातवा सरायच्या आत तिला उदगीरला आणायचं. सातवा संपत होता ऐन मे महिन्यात. डॉक्टरनं सांगितलं होतं, उन्हात नेऊ नका, न्यायचंच तर गाडीत एसी लावून न्या. अप्पांकडे आठशे सीसीची, तीन सिलिंडरची पांढरी गाडी होती आणि तिला एसीही होता. पण एसी लावला की ती गाडी चढ चढत नसे आणि चढ आला की एसी चालत नसे. नांदेडहून येताना जळकोटजवळ लांबलचक चढ आहे. सगळं घोडं तिथं अडलं होतं, आणि त्या चढासाठी गाडीला काय बसवायचं याचंच हे मतदान होतं.

भाड्यानं मोठी गाडी करा, असं त्यांना गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी सुचवलं असेल. मीही सुचवलं.

"आन् बाप कशात बसणार? डायवरशेजारी, किन्नरच्या जागी?" अप्पा म्हणाले. "तिची आई आसती तर गोष्ट येगळी. मग कशातबी आणलं आसतं. आता घरात एकटा बाप. त्यानंबी भाड्याच्या गाडीत आणलं म्हणल्यावर ते माहेर झालं का लॉज झालं?"

गिरिजाची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. नांदेडच्या विहीणबाईंचा मुद्दा नेमका तोच होता. त्या फोनवर मोठ्यानं बोलत, आणि गिरणीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून अप्पा फोनचा स्पीकर लावत. त्यामुळे दोन घरांमधली ही बोलणी दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ होती.

"अप्पा, तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, घरात बाईमाणूस न्हाई. हितं गोदावरी हाय, दवाखाना दारात हाय. हितंच होऊ द्या की."

"पाण्याच्या दोन टाक्या भरून कुलूप लावलंय. बिदरहून माजी अक्का येऊलाली. ऱ्हायली गाडी. तिचंबी चालू हाय."

"काय चालू हाय?"

"मतदान," अप्पा म्हणाले.



मतदान सरळ चाललं होतं असं मात्र नाही. ते दिवस दुष्काळाचे. नळ कधी येईल हे नळालाच माहीत नव्हतं. टँकर आला की बायका दळण टाकून पळत आणि अप्पांना अर्धवट दळलेले डबे सांभाळत बसावं लागे. अशात एकदा कोपऱ्यावरच्या मुक्ताबाईंनी विचारलं, "अप्पा, यातलं पाणी कोनतं पितंय?"

अप्पा खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघितले होते. "टर्बोला थोडं लागतंय. थंड ठेवाया."

"मग मेलं ते! आमाला प्यायला न्हाई आन् गाडीला पाजू का? पट्टा!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि धुराची मतं बंद पडली. "अवो, ते पाणी एकदा भरायचं आसतंय, रोज न्हाई," असं अप्पा सांगत राहिले. पण पाणी पिणाऱ्याला मत द्यायला उदगीरमध्ये त्या वर्षी कोणीच तयार नव्हतं. पुढे लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुठं तोल सावरला. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी गिरणीत जाहीर केलं, "त्या रेल्वेच्या डिझेल इंजनाला टर्बो आसतोय. धुरानं पाणी पोचलं लातूरला, पट्ट्यानं न्हाई!" दुपारपर्यंत धुराला अकरा मतं पडली.

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून त्याच दिवसांत जोरात हालचाल चालली होती. सह्या गोळा करणारे चार कार्यकर्ते गिरणीत आले. अप्पांनी त्यांचा कागद हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "सही करतो. आदी सांगा, पट्टा का धूर?" कार्यकर्त्यांना वाटलं, ही कुठल्या तरी पक्षाची चिन्हं आहेत. ते बाजूला जाऊन आपसात कुजबुजले. शेवटी त्यांचा म्होरक्या सावधपणे म्हणाला, "अप्पा, आमी सगळ्यांच्या बरोबर हाव."

"म्हंजे टर्बो," अप्पा मला म्हणाले, ते गेल्यावर. "सगळे पुढारी टर्बोच. पाच वर्षं काय न्हाई, काय न्हाई. निवडणूक आली की एकदम धक्का."

माणसांची अशी वाटणी करायची त्यांना सवयच लागली होती. पोस्टमन टर्बो. मुक्ताबाई सुपर. शेजारच्या शाळेचे हेडमास्तर, "इंजनच न्हाई, काय लावणार." आपल्या बायकोबद्दल ते म्हणत, "गिरिजाची आई सुपर होती. पहाटं उठल्यापून कामाला वढ लागायची. पर सोताच्या जिवातलं काढून. मला कळलंच न्हाई." एवढं बोलून ते घाईनं दुसऱ्या माणसाकडे वळत.

मी कशात, ते त्यांनी बरेच दिवस सांगितलं नाही.

एका दुपारी मी दळण घ्यायला गेलो. रांगेत सात-आठ बायका होत्या. अप्पांनी डबा माझ्या हातात दिला. पीठ गरम होतं, डब्याचा पत्रा गरम होता. दळणाच्या दिवशी संध्याकाळी ही हा डबा असाच पोटाशी धरून घरात येत असे, आणि मी पुस्तकातून मान वर न करता "आलीस?" म्हणत असे. हे मला तिथं, त्या वेळी आठवायचं काही कारण नव्हतं. ही गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. तेराव्यालाही नाही. लोकांनी माझ्या धीराचं कौतुक केलं होतं.

अप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. चाललेला डबा संपत आला होता. तो संपला, तरी त्यांनी मोटार बंद केली नाही. गिरणी रिकामी फिरवत नाहीत. दगडाला दगड घासतो आणि छिन्नीनं टाकी लावलेलं जातं पार बिघडतं. हे त्यांनीच मला सांगितलेलं. ती रिकामी गिरणी भयंकर खडखडत राहिली, बायका कानावर हात ठेवून "अप्पा, बंद करा की!" म्हणून ओरडत राहिल्या, आणि त्या आवाजात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं कोणाला काही ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळानं अप्पांनी बटन दाबलं.

"तुमी टर्बो सर," ते हळूच म्हणाले. "आदी काय न्हाई, काय न्हाई..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्यांना जात्याचे दगड पुन्हा टाकी लावून घ्यावे लागले.

सातवा संपायला आठ दिवस उरले आणि फळ्यावर दोन्हीकडे सारखीच मतं झाली. माझं मत तेवढं राहिलं होतं. आता सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे लागलं. भाजीवालीसुद्धा वजन करता करता "सर, पट्टा म्हना" असं सांगू लागली. तेवढ्यात अप्पा नांदेडच्या भंगार बाजारातून पोत्यात गुंडाळून एक टर्बो घेऊन आले. त्यांनी तो गल्ल्याशेजारी पाटावर ठेवला, त्याला भस्माची तीन बोटं ओढली, आणि गॅरेजवाल्या खाजाभाईंना बोलावणं धाडलं.

खाजाभाई आले. त्यांनी टर्बोला चारी बाजूंनी फेरी घातली. मोठ्या भोपळ्याएवढा तो ऐवज उचलून पाहायचा प्रयत्न केला आणि परत ठेवला.

"अप्पा, ये ट्रक का है."

"ताकद जास्त आसंल मग."

"हौ, भोत ताकद है. एक काम करो. गाडी को इसके अंदर बिठाव. इसको गाडी में बिठाने जाएंगे तो नै बैठता."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा हसले नाहीत. "मग सुपर बसवा. पट्टा मी देतो. गिरणीचा जुना हाय माज्याकडं."

खाजाभाई पोत्यावर बसले. इतका वेळ चेष्टा करणारा तो माणूस एकदम समजुतीनं बोलायला लागला. "देखो अप्पा. तीन सिलिंडर का गरीब जीव है ये. पट्टे से भरो या धुएँ से भरो, जास्त हवा भरे तो पिस्टन फुटता. बच्ची को लाते वक्त बीच रस्ते में फुटा तो? नक्को. जैसी है वैसी ले जाव. सुबू सुबू निकलो, ठंडे में वापस आ जाव."

अप्पा बराच वेळ त्या ट्रकच्या टर्बोकडे बघत बसले. "इरली," ते म्हणाले. त्यांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला, उभी रेघसुद्धा ठेवली नाही. मग त्यावर 'उद्या गिरणी बंद राहील' असं लिहिलं आणि मला म्हणाले, "तुमीबी चला सर. घरात बसून काय करायलाव?"

पहाटे निघालो. जाताना जळकोटचा तो चढ आम्हाला उतार होता, त्यामुळे गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. आठलाच नांदेडला पोचलो. अप्पांचा बेत असा होता, की चहा घ्यायचा, मुलीला गाडीत बसवायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं.

त्यात विहीणबाईंचा विचार घ्यायचा राहिला होता. "सून माहेरी चाललीय आन् जेवल्याबिगर?" त्या म्हणाल्या, आणि पुरण शिजायला टाकलं. ओटी भरायला शेजारणी यायच्या होत्या. त्या आपापल्या सवडीनं आल्या. अप्पा दर दहा मिनिटांनी अंगणात जाऊन सूर्याकडे बघून येत. "अप्पा, ते यंत्र बसिवलं का मग?" विहीणबाईंनी वाढता वाढता विचारलं. "खाजाभाई न्हाई म्हणले," अप्पा ताटात बघत म्हणाले. विहीणबाईंनी आणखी एक पोळी वाढली आणि तो विषय तिथंच सोडला. मला त्या बाई त्या क्षणी आवडल्या.

निघायला दीड वाजला. विहीणबाईंनी गिरिजाच्या दोन बॅगा ठेवल्या, लोणच्याची बरणी ठेवली आणि शेवटी पाण्याचे दोन मोठे जार डिकीत चढवले. "तिकडं पानी न्हाई, ऱ्हाऊ द्या," असं म्हणून. दुष्काळात कोणी पाणी देत असेल तर नको म्हणायची पद्धत नाही. गाडी मागून बसली. अप्पांनी नुसतं टायरकडे बघितलं.

गिरिजा मागच्या सीटवर होती, मी पुढे अप्पांच्या शेजारी. नांदेड सुटलं तेव्हा ती बडबड करत होती. अक्काआत्या कधी येणार, दाराच्या पायरीला रंग दिला का, असलं काहीबाही. एसीच्या गारव्यानं तासाभरात तिला झोप लागली. बाहेर रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं. चिटपाखरू नव्हतं.

चढ सुरू झाला. अप्पांनी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. मग पहिला. गाडी थरथरायला लागली, म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना कण्हतं तशी. अप्पांचा हात एसीच्या बटनाकडे गेला. त्यांनी आरशात पाहिलं. गिरिजा एका कुशीवर, हात पोटावर ठेवून झोपली होती. तोंड जरासं उघडं. अप्पांचा हात परत आला.

"जार उतरवू का?" मी कुजबुजलो.

"पाणी सांडायचं? ह्या दिवसांत?" ते माझ्यावर जवळजवळ रागावलेच.

त्यांनी एका बाभळीखाली गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि आवाज न करता दार उघडलं.

"सर, तुमी बसा हिकडं. पहिल्यातच ठिवा. न्या वरपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी हाय की. मागून येऊलालो." त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "शंभर किलो तर हितंच उतरतंय."

हिच्या नांदेडच्या दवाखान्याच्या खेपा संपल्या, तेव्हा मी माझी गाडी विकली होती. त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नव्हता. आता लावला. गाडी जराशी मागे सरली, मग दमानं पुढे निघाली. आरशात अप्पा दिसत होते. डोक्यावर पंचा, एका हातात धोतराचा सोगा. सुरुवातीला ते डिकीला हात लावून चालत होते. ढकलत होते की नुसता हात ठेवला होता, ते मला कळलं नाही. मग गाडीनं वेग धरला, त्यांचा हात सुटला आणि ते हळूहळू लहान होत गेले. त्या उन्हात रस्त्यावर दुसरं काही हलत नव्हतं.

वर पोचून मी गाडी थांबवली. पंधरा मिनिटं झाली असतील. गाडी इतका वेळ थांबल्यामुळे असेल, गिरिजा जागी झाली.

"सर, अप्पा कुठं गेले?"

तेवढ्यात अप्पा आले. माझ्या शेजारी बसले. चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावरचं भस्म घामानं वाहून गेलं होतं.

"कुठं गेलताव अप्पा?"

"लघवीला गं," अप्पा म्हणाले. दोन शब्दांना त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

"येवढा घाम?"

"ऊन हाय की. झोप तू."

ती पुन्हा डोळे मिटून पडली. मी समोरची गार हवेची जाळी त्यांच्या तोंडाकडे वळवली. अप्पांनी डोळे मिटले आणि क्षणभर तोंड त्या हवेत धरलं. मग हात वर केला आणि ती जाळी हळूच मागच्या सीटकडे फिरवली.